रेडिओ रिसीव्हर ते होम थिएटर रिसीव्हर : चित्रपट व संगीत यांच्या घरगुती श्रवणाचा ऐतिहासिक अभ्यास (१९३१ ते २०२४)

बीजसंज्ञा : रिसीव्हर, स्टिरिओ, सराउंड ध्वनी, डॉल्बी, होम थिएटर, ग्राहक संरक्षण

प्रस्तावना :

विसाव्या शतकात मानवी जीवनात जे तांत्रिक बदल घडून आले, त्यांत ध्वनीच्या मुद्रणाचे व पुनर्निर्मितीचे स्थान महत्त्वाचे आहे. ग्रामोफोन, रेडिओ, बोलपट, टेपरेकॉर्डर व दूरचित्रवाणी या साधनांचा इतिहास बऱ्याच प्रमाणात लिहिला गेला आहे. परंतु या सर्वांचा आवाज ज्या एका पेटीतून घरात पोहोचतो, त्या रिसीव्हरकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. विविध साधनांकडून येणारा ध्वनिसंकेत स्वीकारणे, त्याची उकल करणे व तो वाढवून स्पीकरपर्यंत पोहोचविणे ही तीन कामे रिसीव्हर करतो. ‘रिसीव्हर’ हे नाव त्याला रेडिओलहरी ग्रहण करण्याच्या कामावरून मिळाले. आज त्यातील रेडिओचा वापर अत्यल्प झाला असला, तरी नाव मात्र कायम राहिले आहे.

असा रिसीव्हर निवडताना ‘तो चित्रपटासाठी हवा की संगीतासाठी’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. जणू या दोन भिन्न ध्वनींच्या दोन भिन्न गरजा निसर्गतःच ठरलेल्या आहेत, असे त्यात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात हा भेद ऐतिहासिक आहे. तो कसा निर्माण झाला, कसा कमी झाला आणि या प्रक्रियेत सामान्य ग्राहकाच्या पदरी काय पडले, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे.

उद्दिष्टे :

१) चित्रपट व संगीत यांच्या ध्वनितंत्राचे समान मूळ शोधणे.
२) घरगुती रिसीव्हरच्या विकासाचे प्रमुख टप्पे अभ्यासणे.
३) रिसीव्हरच्या शक्तीविषयीचे दावे व त्यांवरील कायदेशीर नियंत्रण यांचा आढावा घेणे.
४) या इतिहासाच्या आधारे निवडीचे निकष मांडणे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे. अभ्यासाचा मुख्य भर अमेरिका, इंग्लंड व जपान या देशांवर आहे. कारण हे तंत्र प्रामुख्याने तेथे घडले. महाराष्ट्राचा संदर्भ जेथे प्रत्यक्ष संबंध आहे तेथेच घेतला आहे.

विषय विवेचन :

अ) समान उगम : चित्रपटगृहातून आलेला स्टिरिओ

इ.स. १९३१ हे वर्ष भारतीय चित्रपटाच्या इतिहासात ‘आलम आरा’मुळे प्रसिद्ध आहे. दि. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबर महिन्यात लंडनमध्ये इएमआय कंपनीतील अभियंता ॲलन ब्लमलाइन याने द्विकर्णी ध्वनीच्या एकस्वाचा अर्ज दाखल केला. या कल्पनेचे मूळ चित्रपटगृहात होते, असे सांगितले जाते. पडद्यावरील पात्र एका बाजूला असताना त्याचा आवाज मात्र एकाच ठिकाणच्या स्पीकरमधून यावा, ही विसंगती ब्लमलाइनला खटकली. पात्राबरोबर त्याचा आवाजही सरकला पाहिजे, या विचारातून त्याने ध्वनिग्रहणापासून तबकडीवरील मुद्रणापर्यंतची संपूर्ण योजना मांडली. आज ज्याला ‘संगीताचा स्टिरिओ’ म्हटले जाते, त्याच्या मुळाशी चित्रपटाची गरज होती, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे. ब्लमलाइनचा १९४२ मध्ये रडारच्या चाचणीदरम्यान विमान अपघातात मृत्यू झाला. त्यामुळे आपल्या कल्पनेचा व्यापारी विजय त्याला पाहता आला नाही.

याच काळात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत वेगळ्या दिशेने संशोधन चालू होते. दि. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फिया येथे चाललेले वाद्यवृंदाचे वादन तारांमार्फत वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकविण्यात आले. त्यासाठी तीन स्वतंत्र वाहिन्या वापरल्या होत्या आणि वॉशिंग्टन येथे नियंत्रणाची सूत्रे प्रसिद्ध संगीतसंचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांच्या हाती होती. दोनऐवजी तीन वाहिन्या कशासाठी? दोन स्पीकरच्या नेमक्या मध्ये बसलेल्या श्रोत्याला त्यांच्या दरम्यान आवाजाचा आभास होतो; परंतु बाजूला बसलेल्या श्रोत्याच्या दृष्टीने तो आवाज जवळच्या स्पीकरकडे ओढला जातो. श्रोते अनेक असतील, तर मध्यभागी प्रत्यक्ष स्पीकर असणे उपयुक्त ठरते. पुढे स्टोकोव्स्की यांच्याच संगीतसंचालनाखाली तयार झालेला डिस्नेचा ‘फँटेशिया’ हा चित्रपट १९४० मध्ये ‘फँटासाउंड’ या बहुवाहिनी पद्धतीने न्यूयॉर्कमध्ये दाखविण्यात आला. तो चित्रपटही होता आणि संगीताची मैफलही होती. तात्पर्य, आरंभी चित्रपट व संगीत हे दोन प्रवाह वेगळे नव्हते.

ब) माध्यमाची मर्यादा आणि दोन वाटा

हे प्रवाह वेगळे झाले ते माध्यमांच्या भौतिक रचनेमुळे. चित्रपटाच्या फितीवर चुंबकीय पट्ट्या लावता येऊ लागल्या, तेव्हा वाहिन्यांची संख्या वाढविणे सोपे झाले. १९५२ च्या सिनेरामा पद्धतीत सात ध्वनिपट्ट्या होत्या. १९५३ च्या सिनेमास्कोपमध्ये चार, तर १९५५ च्या टॉड-एओ पद्धतीत सहा होत्या. याउलट घरातील लाँग प्लेइंग रेकॉर्डच्या खाचेला दोनच भिंती असतात. प्रत्येक भिंतीवर एक याप्रमाणे तीत दोन वाहिन्या बसविता आल्या आणि १९५८ पासून स्टिरिओ रेकॉर्ड सर्रास विक्रीस आल्या. अमेरिकेत १९६१ मध्ये एफएम रेडिओच्या स्टिरिओ प्रक्षेपणाला मान्यता मिळाली. तेथेही वाहिन्या दोनच होत्या. म्हणजेच संगीत दोन वाहिन्यांचे झाले, ते मानवाला दोन कान आहेत एवढ्याच कारणाने नव्हे. घरात पोहोचणाऱ्या माध्यमात दोनांसाठीच जागा होती, हेही त्याचे कारण होते.

या दोन वाहिन्यांच्या जगात स्टिरिओ रिसीव्हरचा जन्म झाला. हर्मन कार्डन कंपनीचे १९५८ चे ‘फेस्टिव्हल टीए-२३०’ हे पहिल्या स्टिरिओ रिसीव्हरपैकी एक मानले जाते. त्यापूर्वी रेडिओ ट्यूनर, प्रीॲम्प्लिफायर व पॉवर ॲम्प्लिफायर या स्वतंत्र पेट्या घेऊन त्या जोडण्याचे काम हौशी व जाणकार मंडळीच करू शकत. ही तिन्ही उपकरणे एका पेटीत आल्यामुळे उच्च प्रतीचे श्रवण मध्यमवर्गीय घरात शिरले.

भारतात या काळात ‘शोले’ (१९७५) हा चित्रपट ७० मि.मी. व स्टिरिओफोनिक ध्वनीसह प्रदर्शित झाला. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाहणाऱ्या प्रेक्षकाला जो ध्वनी अनुभवता येत होता, तो घरी नेण्याची सोय नव्हती. तथापि या चित्रपटाच्या संवादांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या व त्या मोठ्या प्रमाणावर खपल्या. चित्रपट केवळ पाहण्याचीच नव्हे, तर घरी बसून ऐकण्याचीही गोष्ट आहे, याची ही साक्ष होय.

क) चतुर्वाहिनी ध्वनीचे अपयश

१९७० च्या दशकात संगीत उद्योगाने घरात चार स्पीकर नेण्याचा प्रयत्न केला. यालाच क्वाड्राफोनिक ध्वनी म्हणतात. सीबीएसची ‘एसक्यू’, सान्सुईची ‘क्यूएस’ आणि जेव्हीसीची ‘सीडी-४’ अशा तीन पद्धती बाजारात आल्या. एका पद्धतीची रेकॉर्ड दुसऱ्या पद्धतीच्या उपकरणावर योग्य रीतीने उकलत नसे. सीडी-४ साठी तर विशेष घडणीची सुई आवश्यक होती. ग्राहकांनी महागडी उपकरणे घेतली. परंतु दशक संपण्यापूर्वीच या पद्धती जवळजवळ नामशेष झाल्या. चांगल्या कल्पनेला समान मानकाचा आधार नसेल तर तिचा भार शेवटी ग्राहकावर पडतो, हा या प्रकरणाचा धडा होय.

ड) डॉल्बी : दोन पट्ट्यांतील चार वाहिन्या

जे संगीत उद्योगाला साधले नाही, ते चित्रपटाच्या मार्गाने साध्य झाले. रे डॉल्बी हे अमेरिकन अभियंते १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रसंघातर्फे भारतात तांत्रिक सल्लागार म्हणून कार्यरत होते. त्यानंतर १९६५ मध्ये त्यांनी लंडन येथे आपली प्रयोगशाळा स्थापन केली. टेपवरील खरखर कमी करणे हे तिचे पहिले कार्य होते. १९७० च्या दशकाच्या मध्यास या संस्थेने ‘डॉल्बी स्टिरिओ’ ही पद्धती चित्रपटासाठी आणली. हिच्यात डावी, मधली, उजवी व सराउंड अशा चार वाहिन्या गणिती पद्धतीने एकत्र गुंफून फितीवरील दोनच प्रकाशीय पट्ट्यांवर मुद्रित केल्या जात आणि चित्रपटगृहात त्या पुन्हा सोडविल्या जात. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ने या पद्धतीला लोकप्रियता मिळवून दिली.

येथे एक अनपेक्षित परिणाम घडला. हे चित्रपट व्हिडिओ कॅसेट व लेझरडिस्कवर आले, तेव्हा त्यांचा दोन पट्ट्यांचा स्टिरिओ ध्वनी जसाच्या तसा घरी आला आणि त्यात गुंफलेल्या चारही वाहिन्या त्याबरोबर आल्या. त्या सोडविणारे उपकरण तेवढे घरात नव्हते. १९८२ मध्ये ‘डॉल्बी सराउंड’ व १९८७ मध्ये ‘डॉल्बी प्रो लॉजिक’ या घरगुती उकलपद्धती आल्या आणि रिसीव्हरमध्ये मधल्या व मागच्या स्पीकरसाठी जोडण्या दिसू लागल्या. होम थिएटर रिसीव्हरचा खरा आरंभ येथे मानावा लागेल. रेडिओ ग्रहण करणारी पेटी आता सांकेतिक ध्वनीची उकल करणारी पेटी बनली.

महाराष्ट्राच्या संदर्भात येथे एका शब्दाची नोंद करणे उचित ठरेल. गणेशोत्सव व मिरवणुकांतील प्रचंड आवाजाच्या स्पीकरच्या भिंतीला मराठीत ‘डॉल्बी’ असे म्हटले जाते. खरखर कमी करण्याच्या कामातून प्रसिद्ध झालेले एका व्यक्तीचे नाव ध्वनिप्रदूषणाचे वाचक व्हावे, हा भाषेच्या इतिहासातील मोठाच विरोधाभास आहे. केंद्र शासनाच्या ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ठरविण्यात आली आहे. मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज ही समजूत रस्त्यावर जितकी रुजली आहे, तितकीच ती दुकानातही रुजलेली दिसते.

इ) अंकीय युग आणि पुनर्मीलन

१९९२ च्या ‘बॅटमन रिटर्न्स’ या चित्रपटापासून डॉल्बी डिजिटल आणि १९९३ च्या ‘ज्युरासिक पार्क’पासून डीटीएस या अंकीय पद्धती सुरू झाल्या. यांत पाच स्वतंत्र वाहिन्या व केवळ खर्ज ध्वनिपरिणामांसाठी एक मर्यादित वाहिनी असल्याने त्यांना ‘५.१’ ही संज्ञा मिळाली. १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये व १९९७ मध्ये अमेरिकेत डीव्हीडी आली आणि ५.१ ध्वनी सामान्य घरात पोहोचला. संगीतासाठी १९९९ मध्ये सुपर ऑडिओ सीडी आणि २००० मध्ये डीव्हीडी-ऑडिओ आल्या. परंतु पुन्हा दोन स्पर्धक पद्धतींच्या भांडणात बहुवाहिनी संगीत मागे पडले.

२००२ मध्ये एचडीएमआय ही जोडणी निश्चित झाली व चित्र आणि ध्वनी एकाच तारेतून जाऊ लागले. २०१२ मध्ये चित्रपटगृहात डॉल्बी ॲटमॉस आले. यात ध्वनी केवळ ठरावीक वाहिन्यांना न देता ‘वस्तू’ म्हणून, तिच्या अवकाशातील स्थानासह नोंदविला जातो व उपलब्ध स्पीकरनुसार त्याची मांडणी रिसीव्हर करतो. २०१४ पासून हे तंत्र घरगुती रिसीव्हरमध्ये आले. २०२१ मध्ये ॲपल म्युझिकने ॲटमॉसमधील संगीत देण्यास प्रारंभ केला. अशा प्रकारे १९४० च्या ‘फँटेशिया’त एकत्र असलेले दोन प्रवाह सुमारे ऐंशी वर्षांनी एकाच मानकात पुन्हा भेटले. तथापि आजवर मुद्रित झालेले बहुतांश संगीत दोनच वाहिन्यांचे आहे, हे विसरून चालणार नाही. म्हणूनच अनेक रिसीव्हरमध्ये सर्व प्रक्रिया वगळून मूळ दोन वाहिन्या थेट ऐकविणारी सोय दिलेली असते.

ई) वॅटचा प्रश्न : दावे आणि कायदा

रिसीव्हरच्या इतिहासाची एक बाजू आर्थिक व नैतिक आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत उत्पादक आपापल्या सोयीच्या पद्धतीने शक्ती मोजून मोठमोठे आकडे जाहीर करीत. क्षणभरच टिकणारी शक्ती व अखंड मिळणारी शक्ती यांतील फरक ग्राहकाला कळणे अशक्य होते. अखेर तेथील फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये नियम केला. त्यानुसार शक्तीबरोबरच ती कोणत्या रोधावर, कोणत्या कंप्रता-पट्ट्यात आणि किती विकृतीसह मोजली, हे जाहीर करणे बंधनकारक झाले. या नियमानंतर आकड्यांची स्पर्धा थांबली नाही, पण ती प्रामाणिक झाली. १९७८ च्या पायोनियर एसएक्स-१९८० या रिसीव्हरची प्रतिवाहिनी २७० वॅट ही घोषित शक्ती अशा कसोटीवर दिलेली होती.

बहुवाहिनी रिसीव्हर आल्यावर जुना प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. सात वाहिन्यांच्या रिसीव्हरवर ‘१०० वॅट’ लिहिलेले असते, तेव्हा ते बहुधा दोनच वाहिन्या चालू असताना मोजलेले असते. सर्व वाहिन्यांना वीज पुरविणारा ट्रान्सफॉर्मर एकच असल्याने त्या एकाच वेळी पूर्ण भाराने चालल्या, तर प्रत्येकीच्या वाट्याला कमी शक्ती येते. काही ठिकाणी तर एकाच कंप्रतेवर व १० टक्के विकृतीसह मोजलेले आकडे ठळक छापले जात. २०२४ मध्ये अमेरिकेतील नियमात सुधारणा होऊन ८ ओहम रोध, २० ते २०,००० हर्ट्झ हा पट्टा व १ टक्क्यापेक्षा कमी विकृती अशी एकसमान कसोटी ठरविण्यात आली. भारतीय बाजारात १९९० च्या दशकात ‘पीएमपीओ’ या नावाने छोट्या टेपरेकॉर्डरवरही शेकडो वॅटचे आकडे झळकत असत. त्या संज्ञेला कोणतीही सर्वमान्य व्याख्या नव्हती.

या आकड्यांचे खरे मोल समजण्यासाठी श्रवणशास्त्रातील एक साधे सूत्र पुरेसे आहे. शक्ती दुप्पट केल्यास ध्वनिपातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. आवाज कानाला साधारण दुप्पट वाटण्यासाठी १० डेसिबलची, म्हणजे दहापट शक्तीची गरज असते. त्यामुळे ८० वॅट व १०० वॅटच्या रिसीव्हरमधील फरक सुमारे १ डेसिबल, म्हणजे जवळजवळ न जाणवणारा असतो. याउलट १ वॅटला ८७ डेसिबल देणाऱ्या स्पीकरऐवजी ९० डेसिबल देणारा स्पीकर निवडल्यास शक्ती दुप्पट केल्याचा लाभ मिळतो. वीस वॅटसाठी जादा पैसे मोजणाऱ्या कुटुंबाला हे कोणी सांगत नाही, ही या बाजारातील खरी उणीव आहे.

उ) खोली : दुर्लक्षित घटक

चित्रपटगृह ध्वनीसाठी बांधलेले असते, घर राहण्यासाठी बांधलेले असते. फरशी, मोकळ्या भिंती व काचेच्या खिडक्या यांवरून परावर्तित होणारा ध्वनी मूळ ध्वनीत मिसळतो. १९८६ मध्ये यामाहाने ‘डीएसपी-१’ या उपकरणाद्वारे प्रत्यक्ष सभागृहांच्या मोजमापांवर आधारित प्रतिध्वनी घरात निर्माण करण्याचा प्रयत्न केला. पुढील काळात विचार उलट दिशेने गेला. २००० च्या दशकात रिसीव्हरसोबत मायक्रोफोन देऊन खोलीचे मापन करणाऱ्या व तिचे दोष अंशतः दुरुस्त करणाऱ्या प्रणाली आल्या. आधी घराला सभागृह बनविण्याचा प्रयत्न होता. नंतर घर हे घरच आहे, हे तंत्रज्ञानाने मान्य केले. अर्थात जाड पडदे, सतरंजी व पुस्तकांचे कपाट यांनी होणारे काम कोणतीही प्रणाली पूर्णपणे करू शकत नाही.

निष्कर्ष :

१) चित्रपट व संगीत यांच्या ध्वनीतील भेद मूलभूत नसून रेकॉर्ड व चित्रफीत या माध्यमांच्या भिन्न रचनेतून तो निर्माण झाला. त्यामुळे चांगला रिसीव्हर दोन्हींसाठी उपयुक्त ठरू शकतो.
२) निवडीचा पहिला प्रश्न ‘किती वॅट’ हा नसून ‘किती माणसे एकत्र ऐकणार’ हा असावा. एकटा श्रोता दोन उत्तम स्पीकरवर चित्रपटही समाधानाने ऐकू शकतो. संपूर्ण कुटुंबासाठी मात्र संवाद पडद्याशी जोडून ठेवणारा मधला स्पीकर आवश्यक ठरतो. बेल प्रयोगशाळेने १९३३ मध्ये अनुभवलेले हे तत्त्व आजही लागू आहे.
३) शक्तीचा आकडा हा रोध, कंप्रता-पट्टा, विकृती व चालू वाहिन्यांची संख्या यांसह वाचल्याशिवाय निरर्थक आहे.
४) ध्वनी वाढविणारा भाग दशकानुदशके टिकतो, उकल करणारा भाग व जोडण्या मात्र लवकर जुन्या होतात. म्हणून बाहेरचा ॲम्प्लिफायर जोडण्याची सोय असलेला रिसीव्हर दीर्घकाळ उपयोगी पडतो. भविष्यातील मानकांच्या नावाखाली अनावश्यक वाहिन्यांसाठी खर्च करणे टाळावे; क्वाड्राफोनिकचा इतिहास हेच सांगतो.
५) उपलब्ध रकमेचा मोठा भाग स्पीकर व खोलीची व्यवस्था यांवर खर्च होणे हितावह आहे.
६) प्रामाणिक आकडे उत्पादकांच्या सदिच्छेतून आले नाहीत, ते नियमांमुळे आले. भारतातही वाद्यउपकरणांच्या घोषित शक्तीसाठी एकसमान कसोटीची सक्ती होणे ग्राहकहिताच्या दृष्टीने आवश्यक आहे.

समारोप :

पडद्यावरील माणूस जेथे उभा आहे तेथूनच त्याचा आवाज यावा, या एका साध्या अपेक्षेतून सुरू झालेला हा प्रवास नव्वद वर्षांत छताच्या स्पीकरपर्यंत पोहोचला आहे. या प्रवासात वाहिन्या वाढल्या, जोडण्या बदलल्या, कंपन्या उदयाला आल्या आणि काही लयासही गेल्या. ओन्कियो या जुन्या जपानी संस्थेचा घरगुती मनोरंजनाचा व्यवसाय २०२२ मध्ये दिवाळखोरीत निघाला. मूळ अपेक्षा मात्र बदललेली नाही. संवाद स्पष्ट कळावा, स्वर खरा लागावा आणि शेजाऱ्याची झोप मोडू नये, एवढे ज्या रिसीव्हरने साधते, तो त्या घरापुरता योग्य रिसीव्हर होय.